जुन्या गाडीचा बेल्ट सारखा ओरडतोय? नवीन बेल्ट टाकायच्या आधी हे करून बघा

जुन्या गाडीच्या बॉनेटखालून चीं चीं आवाज यायला लागला की बहुतेक गॅरेजात एकच उत्तर मिळतं, "साहेब बेल्ट टाकून घ्या, गॅरंटीने आवाज जाईल." बेल्ट काही शे रुपयांचा, बदलायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे आपणही हो म्हणतो. मग आठपंधरा दिवस शांतता आणि एका सकाळी परत तेच गाणं सुरू. याचं कारण साधं आहे, आवाज बेल्टमधून ऐकू येत असला तरी त्रास बऱ्याचदा कुठल्यातरी पुलीत, बेअरिंगमध्ये, ताणात नाहीतर वरून गळणाऱ्या तेलात असतो आणि नवीन बेल्ट मऊ आणि चांगली पकड असलेला असल्यामुळे तो त्रास थोडे दिवस झाकून ठेवतो एवढंच.

हा लेख ज्यांनी बॉनेट उघडून फक्त वायपरचं पाणी भरलंय अशांसाठी आहे. सगळं घरी दुरुस्त करा असं माझं म्हणणं नाही, पण निदान नक्की कुठे बिघाड आहे हे शोधून मगच गॅरेजात जा, म्हणजे पैसे योग्य ठिकाणी जातील.

आधी काय कुठे आहे ते ओळखा

जुनी आल्टो, वॅगन आर, सँट्रो, एस्टीम अशा गाड्यांत बहुतेक वेळा दोन किंवा तीन वेगवेगळे बेल्ट असतात. सगळ्यात खाली क्रँकची मोठी पुली, इंजिन फिरलं की ती फिरते, आणि तिच्यावरून एक बेल्ट अल्टरनेटरला (जुने लोक डायनॅमो म्हणतात तेच), बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर वॉटर पंप, दुसरा बेल्ट एसीच्या कॉम्प्रेसरला, आणि हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असेल तर त्याच्या पंपाला अजून एक. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत हे सगळं एकाच लांबलचक बेल्टवर आणलं आणि त्याला आपोआप ताणणारा टेन्शनर बसवला. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग असेल तर त्याला बेल्टच नसतो, म्हणजे एक संशयित कमी.

आपल्याकडे याला सगळे फॅन बेल्टच म्हणतात. अँबेसेडर आणि पद्मिनीत तो खरोखर रेडिएटरचा पंखा फिरवायचा म्हणून ते नाव पडलं, आता पंखा इलेक्ट्रिक असतो आणि बेल्टचा त्याच्याशी संबंध नाही, पण दुकानात जाऊन फॅन बेल्ट मागितला तरी दुकानदार बरोबर समजतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. प्लास्टिकच्या कव्हरमागे जो दातेरी पट्टा असतो तो टायमिंग बेल्ट, तो वेगळा प्रकार आहे, त्याला हात लावायचा नाही. आपण बोलतोय ते बाहेर उघड्यावर दिसणाऱ्या बेल्टबद्दल. इंजिन आडवं बसवलेलं असल्यामुळे हे बेल्ट समोरून नीट दिसत नाहीत, एका बाजूला चाकाच्या दिशेने असतात, काही गाड्यांत तर चाक काढून आतलं प्लास्टिक सोडल्याशिवाय खालची पुली दिसतच नाही.

सामान फार नको. चांगली टॉर्च, स्लो मोशन व्हिडिओ निघणारा मोबाईल, झाडांना पाणी मारायची स्प्रे बाटली, 10, 12, 14 चे पाने आणि गोट्या (म्हणजे सॉकेट), लांब डिसमिस, हातभर रबरी पाईप, एक सरळ लोखंडी पट्टी, आणि खूण करायला व्हाइटनर किंवा खडू.

आणि सेफ्टीचं आत्ताच सांगतो. इंजिन चालू असताना बाह्या, ओढणी, ब्रेसलेट, मोकळे केस, गळ्यातली चेन, यातलं काहीही बॉनेटच्या आत लोंबता कामा नये. बेल्टला हात लावायच्या वेळी किल्ली काढून खिशात, नुसतं इंजिन बंद करून भागत नाही कारण घरातलं कोणीतरी येऊन सहज स्टार्टर मारू शकतं. आणि रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही गरम असेल तर स्वतःहून फिरायला लागतो, त्यामुळे बोटं त्याच्यापासून लांब. चाक काढून खाली बघायचं असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली स्टँड लावा.

आवाज कधी येतो ते दोनतीन दिवस बघा

ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. बॉनेट उघडायच्या आधी मोबाईलमध्ये लिहून ठेवा की आवाज कधी येतो. सकाळी पहिल्या स्टार्टला येतो का, किती वेळ टिकतो, पावसात किंवा गाडी धुतल्यावर वाढतो का, एसी लावल्याबरोबर येतो का, स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर येतो का, रेस केल्यावर वाढतो का कमी होतो, का सतत चालूच असतो.

पावसाळ्यात सकाळी पाचसात सेकंद चीं झालं आणि गेलं, दिवसभर परत नाही, तर माझं मत असं की ताण एकदा तपासा आणि सोडून द्या. रात्रभर बेल्टवर दव किंवा ओल बसते, ती उडेपर्यंत बेल्ट थोडा घसरतो. कोकणातल्या किंवा घाटाजवळच्या गाड्यांना हे जुलै-ऑगस्टमध्ये होणारच.

पण स्टार्ट केल्यावर दोनतीन मिनिटं आवाज येतो आणि मग हळूहळू बंद होतो असं असेल तर बॅटरीकडे बघा. स्टार्टरने बॅटरीतला करंट ओढलेला असतो, तो परत भरायला अल्टरनेटर सुरुवातीला जोरात काम करतो, आणि जोरात काम म्हणजे तो फिरायला जड होतो, म्हणून सैल बेल्ट तेवढा वेळ घसरतो. बॅटरी म्हातारी असेल तर ती भरतच नाही आणि आवाज लांबतो. साधा मल्टिमीटर असेल तर बघा, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसायला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर 13.8 ते 14.5 च्या आसपास. बेल्ट ओरडत असताना हा आकडा 13 च्या खाली येत असेल आणि आवाज थांबल्यावर वर चढत असेल तर बेल्ट अल्टरनेटरच्या पुलीवर घसरतोय हे जवळजवळ सिद्धच.

आता मुद्दाम भार टाकून बघा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावून, इंजिन चालू. हेडलाइट, ब्लोअर फुल्ल, मागची काच गरम करणारी जाळी असेल तर ती, सगळं एकदम लावा, आवाज आला तर अल्टरनेटरचा बेल्ट. सगळं बंद करून फक्त एसी लावा, कॉम्प्रेसरचा क्लच टक् करून लागतो त्याच क्षणी आवाज आला तर एसीचा बेल्ट. मग एसी बंद करून स्टीअरिंग एका टोकापर्यंत वळवा, तिथे चारपाच सेकंदांच्या वर धरू नका कारण पंपावर जास्तीत जास्त प्रेशर येतं, तेव्हा ओरडला तर स्टीअरिंग पंपाचा बेल्ट. ज्या गाडीत वेगवेगळे बेल्ट आहेत तिथे एवढ्यानेच अर्धं काम होतं.

आवाज नक्की कसला आहे

लांब ओढलेलं चींंंं म्हणजे घसरण. बेल्ट सैल आहे, गुळगुळीत झालाय, त्याच्यावर काहीतरी सांडलंय, नाहीतर पुढची पुली एवढी जड झालीय की बेल्टला तिला ओढता येत नाही.

चिमणीसारखं तालात चिव चिव चिव, आयडलिंगला (गाडी उभी, अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू) स्पष्ट आणि रेस केल्यावर इतकं भरभर की वेगळं ऐकू येत नाही, हा बहुतेक वेळा पुल्या एका रेषेत नसल्याचा आवाज. लोक सगळ्यात जास्त बेल्ट याच आवाजासाठी वाया घालवतात.

घरघर, खरखर, किंवा रेस केल्यावर चढत जाणारी घूंऽऽ अशी गुरगुर आली तर ते बेअरिंग, बेल्टचा तिथे काही दोष नाही. आणि टक टक टक असं ठरावीक अंतराने वाजलं तर बेल्टचा एखादा तुकडा उडालाय किंवा कडेचा धागा सुटून कव्हरला आपटतोय. गाडी महिनाभर बंद उभी असेल तर उंदराने बेल्ट कुरतडलाय का तेही बघा, हसू नका, वायरी खाणारा उंदीर बेल्ट सोडत नाही.

इंजिन बंद करून डोळे आणि बोटं वापरा

किल्ली खिशात, इंजिन गार. टॉर्च घेऊन बेल्टची आतली बाजू बघा, जिथे उभ्या धारा असतात ती, कारण पाठीकडून बेल्ट नेहमी छानच दिसतो. हाताने थोडा पिळला की आतली बाजू दिसते, पुढचा भाग बघायला क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने थोडं थोडं फिरवायचं, गिअर न्यूट्रलला ठेवून.

जुन्या जातीच्या रबराच्या बेल्टला आडव्या चिरा पडायच्या आणि तीन इंचात तीन चिरा दिसल्या की बदला असा ठोकताळा होता. पण साधारण 2000 नंतर बाजारात जे बेल्ट आले ते बहुतेक इपीडीएम नावाच्या रबराचे आहेत आणि ते सहसा चिरतच नाहीत, ते टायरसारखे झिजतात. त्यामुळे चिरा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला हा हिशोब आता चालत नाही. धारांमधली खाच बघा, नव्या बेल्टमध्ये ती V सारखी टोकदार असते, झिजल्यावर U सारखी पसरट होते, मग बेल्ट पुलीत खोल बसतो आणि पुलीच्या धारा बेल्टच्या खाचेच्या तळाला टेकतात, कडेची पकड संपते. एका हातात नवा बेल्ट आणि एका हातात जुना धरून बघितलं की फरक लगेच कळतो, दुकानदाराला नवा बेल्ट दोन मिनिटं बघायला मागा, कोणी नाही म्हणत नाही.

आतली बाजू काचेसारखी चकचकीत आणि कडक लागत असेल तर बेल्ट खूप दिवस घसरलाय. एका बाजूची कड विरली असेल, धागे निघाले असतील तर पुली वाकडी किंवा पुढेमागे आहे. खाचांमध्ये रबराच्या काळ्या गोळ्या अडकल्या असतील तरीही संशय त्याच दिशेला. आणि बेल्ट फुगलेला, मऊ, बोटाला चिकट लागला तर तेल.

तेल दिसलं की वर बघा. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, क्रँकचं किंवा कॅमचं ऑइल सील, स्टीअरिंगच्या तेलाचा पाईप, यातलं काहीतरी गळतंय. ते बंद केल्याशिवाय नवीन बेल्ट टाकणं म्हणजे पैसे तेलात टाकणं. कूलंट गळत असेल तर वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी सुकलेला पांढरट, हिरवट किंवा गुलाबी ओघळ दिसतो. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणून, त्यामुळे तिथे ओघळ दिसला की पंप जायच्या मार्गावर आहे असं समजा.

मग बेल्ट सैल करून किंवा काढून एकेक पुली हाताने फिरवा. मला या पायरीवर सगळ्यात जास्त विश्वास आहे. चांगलं बेअरिंग गुपचूप फिरतं, खराब झालेलं बोटाला वाळू लागल्यासारखं कुरकुरतं. ताणपुली म्हणजे मधली आयडलर तर नुसती हाताने गर्रकन फिरवून सोडा, ती खूप वेळ मोकळी फिरत राहिली तर आतलं ग्रीस संपलंय, चांगली पुली थोडी फिरून थांबते. वॉटर पंपाची पुली धरून वरखाली हलवा, जरा जरी प्ले (सैलपणा) लागला तर पंप गेला.

एक वेगळी जागा सांगतो जी भलेभले विसरतात, ती म्हणजे क्रँकची पुली. बऱ्याच गाड्यांत ती एकसंध नसते, आतला लोखंडी भाग आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबर असतं. दहापंधरा वर्षांत ते रबर सुटतं आणि बाहेरची रिंग थोडी सरकते किंवा डोलते. व्हाइटनरने आतल्या भागापासून बाहेरच्या रिंगवर एक सरळ रेघ ओढा, चारआठ दिवस गाडी चालवा, रेघ तुटून पुढेमागे झाली असेल तर पुली बदला, हे मात्र टाळू नका कारण रिंग निसटली तर सगळे बेल्ट एकदम जातात.

पाण्याची टेस्ट

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलकी टेस्ट. इंजिन आयडलिंगला, आवाज चालू असताना, स्प्रे बाटलीतलं साधं पाणी बेल्टच्या आतल्या धारांच्या बाजूला बारीक फवाऱ्याने मारा, दोनतीन सेकंदच. बादली ओतू नका, अल्टरनेटरच्या आत आणि वायरच्या सॉकेटवर पाणी जाऊ देऊ नका, हात लांब. दोनतीन बेल्ट असतील तर एका वेळी एकच भिजवा, मध्ये सुकायला वेळ द्या, नाहीतर कशाने काय झालं कळणार नाही.

आवाज एकदम बंद झाला आणि पाणी उडाल्यावर थोड्या वेळात परत आला, आणि तो चिव चिव प्रकारचा असेल, तर पुल्यांची रेषा बघा. पाणी मारल्यावर आवाज उलट वाढला, चींं करून किंचाळला, तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी, बेल्ट झिजलेला किंवा कुठलीतरी पुली जड. आणि पाण्याने काहीच फरक पडला नाही तर बेल्टला दोष देणं सोडा आणि बेअरिंगकडे वळा.

बेअरिंग कुठलं हे शोधायला रबरी पाईपचं एक टोक कानाशी आणि दुसरं एकेका पुलीच्या जवळ फिरवा, चिकटवू नका, जवळ फक्त. आवाजाची जागा चटकन सापडते. लांब डिसमिसचं टोक अल्टरनेटरच्या न फिरणाऱ्या बॉडीला टेकवून मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली तर आतली खरखर थेट डोक्यात ऐकू येते, गॅरेजवाले हेच करतात, फक्त टोक फिरत्या भागावर जाणार नाही एवढं बघा.

एकेक बेल्ट काढून बघा

वेगवेगळे बेल्ट असलेल्या जुन्या गाडीचा हा मोठा फायदा आहे. एसीचा बेल्ट काढा, गाडी चालू करा, आवाज गेला तर कॉम्प्रेसर, त्याची पुली, त्याची ताणपुली किंवा तो बेल्ट, एवढ्यातच गोष्ट आहे. नाही गेला तर तो परत लावून स्टीअरिंगचा काढा. स्टीअरिंग जड होईल, त्यामुळे जागेवरच बघा. अल्टरनेटरचा बेल्ट काढताना तोच वॉटर पंप फिरवतो का ते आधी बघून घ्या, फिरवत असेल तर गार इंजिनवर अर्धा मिनिट चालवून लगेच बंद, त्यापेक्षा जास्त नाही.

एसीबद्दल एक गैरसमज फार आहे. एसी बंद आहे म्हणजे कॉम्प्रेसरची पुली थांबली असं नसतं, पुली इंजिनबरोबर कायम फिरते, एसी लावल्यावर क्लच लागतो आणि आतलं कॉम्प्रेसर फिरायला लागतं. त्यामुळे एसी बंद असतानाही सतत घरघर असेल तर त्या पुलीचं बेअरिंग गेलेलं असू शकतं, आणि ते बेअरिंग बऱ्याच कॉम्प्रेसरवर वेगळं बदलता येतं, पूर्ण कॉम्प्रेसर बदला म्हणणाऱ्याला हे आवर्जून विचारा. फक्त एसी लावल्यावरच खडखड येत असेल तर मात्र दुखणं कॉम्प्रेसरच्या आतलं.

अल्टरनेटरचंही तसंच. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तो उघडून बेअरिंग बदलून मिळतात, बेअरिंगवर 6203, 6303 असा नंबर कोरलेला असतो, त्याच नंबरचं चांगल्या कंपनीचं टाकून घ्या. नवीन अल्टरनेटरची गरज बहुतेक वेळा नसते.

पुल्या एका रेषेत आहेत का

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, तिला हा चिव चिव आवाज कित्येक महिने होता. प्रत्येक गॅरेजने नवीन बेल्ट टाकला, एकाने ताण इतका वाढवला की बेल्ट तारेसारखा वाजायचा, तरी आवाज तसाच. काकांना विचारलं, हे सुरू कधी झालं, तर म्हणाले अल्टरनेटर दुरुस्त करून आणला तेव्हापासून. लोखंडी पट्टी खालच्या पुलीवर टेकवून वर नेली तर अल्टरनेटरची पुली सरळ सरळ तीन मिलिमीटर पुढे. दुरुस्तीत कुणीतरी दुसऱ्याच मॉडेलची पुली बसवली होती, भोक तेच, खाचा तेवढ्याच, पण जाडी वेगळी. पुली बदलली आणि तोच बेल्ट, ज्याला सगळे शिव्या देत होते, गप्प झाला.

तर पट्टी लावायची कशी ते सांगतो. पट्टी सरळ आहे ना ते आधी बघा, मग क्रँकच्या पुलीच्या तोंडावर सपाट टेकवून दुसऱ्या पुलीपर्यंत न्या. इथे एक खोच आहे, दोन पुल्यांच्या कडा वेगवेगळ्या जाडीच्या असू शकतात, म्हणून कडेवरून न मोजता पहिल्या खाचेपासून मोजा. धारांच्या बेल्टला साधारण एक अंशाच्या वर तिरकेपणा सहन होत नाही, म्हणजे दोन पुल्यांमध्ये 200 मिलिमीटर मोकळा बेल्ट असेल तर साधारण साडेतीन मिलिमीटरचा फरक ही शेवटची हद्द, आणि अंतर कमी असेल तर हद्द अजून कमी. काकांच्या गाडीत अंतर थोडं होतं, म्हणून तीन मिलिमीटरनेही एवढा गोंधळ घातला.

पुली पुढेमागे नसेल पण वाकडी असेल असंही होतं. जुन्या गाडीत अल्टरनेटर ज्या खालच्या बोल्टवर झुलतो त्याचं भोक किंवा बुश झिजतं, मग ताण दिला की अख्खा अल्टरनेटर किंचित तिरका होतो. इंजिन बंद ठेवून वरून बघा, बेल्ट पुलीत सरळ शिरतोय का तिरका, आणि अल्टरनेटर हाताने धरून हलवून बघा. इंजिन चालू असताना लांबून मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घेतला तर डोलणारी पुली आणि फडफडणारा बेल्ट डोळ्यांपेक्षा चांगला दिसतो.

ताण

आता ताण, कारण निम्म्या गाड्यांचं काम इथेच होतं. दोन पुल्यांमधला सगळ्यात लांब मोकळा भाग निवडा, मधोमध अंगठ्याने चांगला जोर देऊन दाबा, साधारण 10 किलो म्हणतात तेवढा. बऱ्याच छोट्या गाड्यांत बेल्ट सहा ते दहा मिलिमीटर दबायला हवा, नवा बेल्ट जरा कमी. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

अल्टरनेटरचा बेल्ट ताणायला आधी खालचा झुलता बोल्ट थोडा ढिला, मग वरच्या लांबट खाचेतला बोल्ट ढिला, आणि टॉमी (लांब लोखंडी दांडा) घालून अल्टरनेटर बाहेर ओढायचा. टॉमी पुढच्या जाड भागाला टेकवा, मागच्या पातळ कव्हरला नाही, ते तडकतं. ताण धरून आधी खाचेतला बोल्ट आवळा, मग खालचा, मग परत अंगठा. एसीच्या बेल्टला सहसा ताणपुली आणि तिला लांब स्क्रू असतो, तिथे पुलीचा मधला नट ढिला करून स्क्रू फिरवायचा आणि नट परत आवळायचा, हा नट ढिला न करता स्क्रू फिरवणारे स्क्रूचे आटे घालवतात.

जास्त ताण हा इलाज नाही. घट्ट केल्यावर आवाज जातो खरा, पण भार अल्टरनेटरच्या पुढच्या बेअरिंगवर आणि वॉटर पंपावर येतो, आणि काही महिन्यांनी चिव चिवची घरघर होते. आपोआप ताणणारा टेन्शनर असेल तर तुम्हाला ताण द्यायचा नसतो, फक्त आयडलिंगला त्याचा दांडा जवळजवळ स्थिर आहे का बघायचं, थडथडत असेल तर तो किंवा अल्टरनेटरची पुली संशयित. बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरला एका दिशेने मोकळी सुटणारी पुली असते, ती जाम झाली की सगळा बेल्ट फडफडतो.

साबण, पावडर, स्प्रे

बेल्टला साबणाची वडी घासायची, टाल्कम पावडर मारायची, गंज सोडवायचा स्प्रे मारायचा, हे सगळं चालतं आपल्याकडे. रात्री अकरा वाजता हायवेवर असाल तर साबण घासून घर गाठा, त्यात काही नाही. पण हा इलाज म्हणून करू नका. बेल्टला पकड यावी म्हणून मारतात त्या चिकट बेल्ट ड्रेसिंगने धूळ धरते आणि खाचांत चिखल बसतो, आणि तेलकट स्प्रेने इपीडीएम रबर फुगतं. वर आवाज दबला की पाण्याच्या टेस्टचा काही उपयोग राहत नाही. स्प्रे आधीच मारून झाला असेल तर पुल्यांच्या खाचा जुन्या टूथब्रशने आणि ब्रेक क्लीनरने साफ करा, इंजिन गार असताना, आणि क्लीनर पूर्ण उडाल्यावरच गाडी चालू करा. पेट्रोलने अजिबात धुवू नका.

आणि खालचं प्लास्टिक कव्हर बघा. स्पीडब्रेकरला घासून तुटतं, नाहीतर कुठल्यातरी गॅरेजात काढलेलं परत लावलेलंच नसतं, मग रस्त्यावरचं पाणी, चिखल, बारीक खडी थेट बेल्टवर. पुलीच्या खाचेत अडकलेला एक खडा महिनोन्‌महिने चिव चिव करू शकतो.

नवीन बेल्ट घ्यायचाच असेल तर

बेल्टच्या पाठीवर 4पीके 855 असा काहीतरी नंबर असतो, 4 म्हणजे धारा चार, पुढचा आकडा लांबी मिलिमीटरमध्ये. जुना बेल्ट बरोबर घेऊन जा, पण आधीच्या मेकॅनिकने चुकीचा टाकलेला असू शकतो म्हणून नंबर मॅन्युअल किंवा पार्ट नंबरशी ताडून बघा. पुली पाच धारांची आणि बेल्ट चारचा, असं मी बघितलंय, आणि तो चालतोही, फक्त ओरडत. डुप्लिकेट माल भरपूर आहे, त्यामुळे नेहमीच्या दुकानातून बिल घेऊन घ्या. बसवल्यावर प्रत्येक धार आपापल्या खाचेत आहे का हे बोटाने चाचपा, एका खाचेने बाहेर बसलेला बेल्ट वरून पटकन कळत नाही आणि दहा किलोमीटरमध्ये फाटतो. दहापंधरा मिनिटं गाडी चालवून, बंद करून, गार झाल्यावर ताण परत बघा, नवा बेल्ट थोडा सैल पडतोच.

काही लक्षणं दिसली तर मात्र शोधाशोध बंद करून गाडी तिथेच थांबवा. चालताना बॅटरीचा लाल दिवा लागला आणि लगेच टेम्परेचरचा काटा चढायला लागला तर वॉटर पंप फिरवणारा बेल्ट गेलाय, इंजिन बंद करा, एक किलोमीटर पण ओढू नका. जळक्या रबराचा वास आणि एसी लावल्यावर इंजिन दबत असेल तर कॉम्प्रेसर जाम होतोय, एसी बंद ठेवा. फक्त बॅटरीचा दिवा लागला, काटा जागेवर आहे आणि वॉटर पंप त्या बेल्टवर नाही, तर दिवसा सगळं बंद ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं.

आणि काढलेला जुना बेल्ट तेल प्यायलेला किंवा फाटलेला नसेल तर फेकू नका, 12 आणि 14 च्या पान्याबरोबर डिकीत टाकून ठेवा, रविवारी संध्याकाळी घाटात बेल्ट तुटला तर कुठलंच स्पेअरचं दुकान उघडं नसतं.